न बोललेल्या प्रेमाचा तपास

(सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत पंचकुला येथे केलेले भाषण)



या व्याख्यानमालेत कोणी ज्ञानेश्वरीवर बोलले, कोणी पानिपतावर. आणि पानिपत तर येथून मोटारीने जेमतेम तीन तासांवर. मी मात्र छोट्या पडद्यावरील गुप्तहेरांच्या अव्यक्त प्रेमाविषयी बोलणार आहे. विषय ऐकून कार्यवाहांनी चष्मा काढून माझ्याकडे पाहिले, परंतु नकार दिला नाही, याबद्दल मी त्यांचा ऋणी आहे.

हेरकथेच्या वाचकाला एक खोड असते. खून कोणी केला हे लेखक सांगतोच; मग जे लेखक सांगत नाही त्याचा तपास वाचक स्वतः करू लागतो. शेरलॉक होम्सच्या 1891 सालच्या एका कथेत आयरीन ॲडलर नावाची बाई त्याला चकवून निसटते. होम्सचे तिच्यावर प्रेम नव्हते, असे डॉ. वॉटसन आरंभीच स्पष्ट सांगतो. पण त्याच कथेच्या शेवटी राजा पाचूची अंगठी देऊ करीत असता होम्स ती नाकारतो आणि तिचे छायाचित्र मागून घेतो. झाले! शंभराहून अधिक वर्षे वाचक वॉटसनच्या शब्दापेक्षा त्या छायाचित्रावर विश्वास ठेवीत आले आहेत.

आमच्या पिढीला हा नाद 1985 च्या ‘करमचंद’ने लावला. पंकज कपूर गाजर खात तपास करी आणि सुश्मिता मुखर्जींची किटी भाबडे प्रश्न विचारून बोलणी खाई. त्याचे तिच्यावर प्रेम असले पाहिजे, नाही तर तो तिला नोकरीवर ठेवताच ना, असा आमच्या वर्गातील एका मुलाचा सिद्धान्त होता. पुढे 1993 मध्ये ‘ब्योमकेश बक्षी’ आला. त्यातील सत्यवती आपल्या सुकन्या कुलकर्णी. तेथे लग्नच लागले, त्यामुळे तर्काला जागा उरली नाही. मला वाटते, म्हणूनच त्या जोडप्याविषयी कोणी वाद घातल्याचे आठवत नाही.

खरे वाद झाले ते ‘सीआयडी’वरून. 1998 मध्ये सुरू झालेली ही मालिका 2018 पर्यंत अखंड चालली आणि 2024 च्या डिसेंबरात पुन्हा आली. एसीपी प्रद्युम्न म्हणजे शिवाजी साटम, पूर्वीचे बँकेतील नोकरदार, बी. पी. सिंग यांच्याच ‘एक शून्य शून्य’ या मराठी मालिकेत त्यांना आपल्यापैकी अनेकांनी मुंबई दूरदर्शनवर पाहिले असेल. महाराष्ट्राबाहेर राहणाऱ्या मराठी घरात तेवढ्यावरच ही मालिका ‘आपली’ झाली.

अण्णा गेल्यावर 2009 मध्ये माझी आई वाईहून आमच्याकडे पंचकुल्यास आली. हिंदी तिला बेताचेच कळे. मालिकेतील संवाद तिच्या डोक्यावरून जात, म्हणून ती चेहरे पाहत बसे. प्रयोगशाळेत प्रेताभोवती सारे उभे आहेत, डॉ. साळुंखे विषाचे नाव सांगत आहेत, आणि आई शांतपणे म्हणाली, “ह्या अभिजीतचं त्या तारिकेवर मन आहे.”

पुढे मालिकेनेच त्यावर पुष्कळ गंमत केली, हे खरे. पण त्या दिवशी मी, तीस वर्षे फायलींत वाढणार असलेला अधिकारी, हटून बसलो. “आई, पुरावा काय?” माझी मुलगी तिच्या बाजूची. तिच्याकडे तर दया आणि श्रेया यांच्याविषयीही वहीभर टिपणे होती: कोण कोणाकडे किती वेळ पाहिले, कोण वाक्य अर्धे सोडून गेले. मी म्हणालो, “प्रेम असेल तर माणूस बोलेल. वीस वर्षे एका कचेरीत राहून न बोलणे म्हणजे प्रेम नसणेच.”

“तुझे अण्णा कधी बोलले?” आई म्हणाली.

मी जरा लागट बोललो. म्हणालो, “म्हणूनच म्हणतो.” अण्णा अबोल होते, कोरडे होते, आणि त्यांनी आईचे आयुष्य पाटावरवंट्यापाशी घालवले, असे माझे मत होते. मी ते कधी लपवलेही नव्हते. आई उठली. “पुरावा आहे,” ती म्हणाली, “पण तो तुला दाखवण्याजोगा नाही.” त्यानंतर तिने माझ्याशी तो विषय काढला नाही. मालिका मात्र ती नातीबरोबर पाहत राहिली.

आई 2016 मध्ये गेली. तिच्या ट्रंकेच्या तळाशी, लुगड्याच्या घडीत, पोस्टकार्डांचा गठ्ठा होता. 1970 साली माझ्या जन्माच्या वेळी ती चिपळूणला माहेरी होती, तेव्हाची. अण्णा वाईच्या टपाल कचेरीत कारकून. मी कार्डे मोजली: एकशे बारा. शिक्के लावून पाहिले. ती फाल्गुनात गेली तेव्हापासून, रविवार आणि सुट्ट्या वगळता, एकही दिवस सुटलेला नव्हता.

मजकूर तीन-चार ओळींचा. दूधवाला बदलला. शेजारची म्हैस व्याली. कृष्णेला पाणी चढले आहे. प्रकृतीस जपावे. प्रेमाचा एक शब्द नाही. सरकारी अहवालसुद्धा याहून ओलसर असतो.

मुलीने गठ्ठा पाहिला आणि एवढेच विचारले, “बाबा, रोज म्हशीविषयी कोण लिहितं?”

माझी वेळ संपल्याची खूण कार्यवाह करीत आहेत. मालिका 2024 मध्ये पुन्हा सुरू झाली, आणि आमच्या घरी ती लागते तेव्हा मी आवाज जरा कमी करून पाहतो.