मजुरी कागदावर आणा



आज मी पैशांवर बोलणार आहे. मुंबईत इलेक्ट्रिशियनला किती मिळतात, असं नवी मुलं विचारतात आणि त्यांना एकच आकडा हवा असतो. तो देता येत नाही. वीज कंपनीत कायम नोकरीला असलेला माणूस वेतनश्रेणी, भविष्य निर्वाह निधी आणि भरपगारी रजा घेऊन निवृत्त होतो. तेच काम ठेकेदारामार्फत करणारा किमान वेतनाच्या आसपास घुटमळतो. सोसायटीचा पगारी माणूस, नाक्यावरचा मेस्त्री, मोबाइलवरच्या ॲपमधून कॉल घेणारा पोरगा, या प्रत्येकाचा हिशेब निराळा.

त्यातल्या नाक्यावरच्या मेस्त्रीचा हिशेब मांडू. हजार रुपये रोज धरू. सोपं गणित म्हणून. एक साइट संपून दुसरी सुरू होईपर्यंतचे रिकामे दिवस, मालकाने पुढे ढकललेलं काम, सणवार, हे सगळं वजा जाता महिन्यात वीस दिवस भरले, तर वीस हजार हातात. त्यातून विरार किंवा बदलापूरहून जाण्यायेण्याचा खर्च, ड्रिलचे बिट, क्लॅम्प मीटर, मेगर, हातमोजे. आणि आजारपणाचं काय? कामगार विमा, म्हणजे ईएसआय, लागू असलेल्या कारखान्यात एकवीस हजारांपर्यंत पगार घेणाऱ्याला दवाखाना मिळतो, आजारपणातला भत्ता मिळतो. आमचा मेस्त्री शिडीवरून पडला, की त्याच दिवशी त्याचा रोज बंद होतो.

मग तो घर कसं चालवतो? हे उघड बोललं पाहिजे. गिऱ्हाईक मजुरीवर घासाघीस करतं, म्हणून मजुरी कमी सांगायची आणि फरक मालातून काढायचा. लोहार चाळीतल्या विजेच्या सामानाच्या बाजारातून माल उचलायचा आणि दुकानदाराकडून कट घ्यायचा. हा कट आज अनेकांच्या कमाईचा मोठा भाग झाला आहे, आणि आपल्या धंद्याला लागलेली खरी कीड हीच आहे. मजुरीत कसब मोजलं जातं, कटात फक्त माल मोजला जातो. कट वाढवायचा म्हणून एसीच्या लाइनला चार स्क्वेअरऐवजी अडीचची वायर ओढली जाते. एमसीबी सारखी पडते म्हणून तिच्या जागी जास्त अँपिअरची बसवली जाते आणि भिंतीतली वायर तापत राहते. मेगर लावून इन्सुलेशन तपासायला, अर्थिंग मोजायला, तीस मिलिअँपिअरची आरसीसीबी वेळेवर पडते का हे बघायला वेळ लागतो. त्या वेळेचे पैसे कुणी देत नाही, म्हणून ते काम होत नाही. लालबाग-गिरगावच्या जुन्या चाळींत लाकडी पट्टीतलं वायरिंग अजून आहे, काही खोल्यांत अर्थिंगच नाही. तिथे ही तपासणी न करणं म्हणजे माणसांच्या जिवाशी खेळणं आहे.

दुसरी गोष्ट सहीची. १९५६ च्या वीज नियमांपासून कायदा सांगतो, की दिवा, पंखा, फ्यूज, स्विच बदलण्यासारखी किरकोळ कामं सोडली, तर वायरिंगचं काम परवानाधारक ठेकेदारानेच, प्रमाणपत्रधारक सुपरवायझरच्या देखरेखीखाली करायचं. म्हणूनच मीटर घेताना चाचणी अहवालावर परवानाधारकाची सही लागते. साइट न बघता ती सही विकणारे आपल्यात आहेत. सही एवढी स्वस्त मिळत असेल, तर दोन वर्षं आयटीआय करून, शिकाऊ उमेदवारी करून परमिट काढणाऱ्या मुलाला जास्त मजुरी कोण देणार? सही विकणारा त्या मुलाचा रोज विकतो, असं माझं स्पष्ट मत आहे.

उपाय आपल्याच हातात आहे. बिलात माल वेगळा लिहा, मजुरी वेगळी लिहा, तपासणीची रक्कम तिसऱ्या ओळीत लिहा. गिऱ्हाईक पहिल्यांदा कुरकुर करेल. त्याला मेगरचं रीडिंग दाखवा, काय मोजलं ते समजावून सांगा. मुंबईतला माणूस कामाचे पैसे देतो, पण काम त्याला दिसलं पाहिजे.

आणि ठेकेदार बंधूंनो, तुमच्याशी थोडं कडक बोलतो. इमारत व इतर बांधकाम कामगारांसाठी १९९६ मध्ये कायदा झाला. इमारतीचं वायरिंगही बांधकामाच्या कामात मोडतं. वर्षात नव्वद दिवस काम केल्याचं प्रमाणपत्र असलं, की कामगाराला कल्याणकारी मंडळात नाव नोंदवता येतं. मुलांच्या शिक्षणाला, आजारपणाला, अपघाताला मदत मागता येते. ते प्रमाणपत्र द्यायचं कुणी? तुम्ही. भिंतीला झिरी मारून दिवसभर धूळ खाणारा हेल्पर ते मागायला घाबरतो, उद्याचं काम जाईल म्हणून. त्याने मागण्याची वाट बघू नका. हा महिना संपायच्या आत तुमच्याकडच्या प्रत्येक हेल्परचं नव्वद दिवसांचं प्रमाणपत्र भरा, सही करा आणि त्याच्या हातात द्या.