कॅप्टनचा कोट



पाचच मिनिटं बोल, असं मला बजावलंय. सॉफ्टवेअरमधल्या नोकरीबद्दल बोलायचं ठरवलं होतं. पण आज एका कोटाबद्दल बोलते. मला तुमच्यासमोर एक कबुली द्यायची आहे.

आपलं दहावीचं वर्ष आठवा, १९९८. तेव्हा पालघर जिल्हा झाला नव्हता, आपण ठाणे जिल्ह्यातले. दूरदर्शनवर केतन मेहतांची ‘कॅप्टन व्योम’ सुरू झाली आणि मिलिंद सोमणमुळे अख्खा वर्ग अंतराळात निघाला. स्नेहसंमेलनात आपण तशीच नाटिका बसवली. पाठांतर बरं म्हणून कॅप्टन मी झाले. कॅप्टनला लांब चामडी कोट हवाच, हे तुम्हीच ठरवलंत. पण चामडं कोणाला परवडणार?

माझे बाबा बोईसरला रिक्षा-स्कूटरच्या सीटची कव्हरं शिवायचे. तारापूर एमआयडीसीतल्या कामगारांच्या स्कूटर त्यांच्याकडे यायच्या. त्यांनी दोन रात्री जागून, उरलेल्या काळ्या रेक्झिनचे तुकडे जोडून कोट शिवला. नाटिका संपल्यावर तुम्ही सगळे भोवती जमलात. “कुठून आणलास गं?” मी म्हणाले, “मामाने मुंबईहून आणला.”

बाबा मागेच उभे होते. परतताना शटलमध्ये ते एवढंच म्हणाले, “कॉलर अजून ताठ हवी होती.”

पुढे इंजिनिअरिंग झालं, नोकरी लागली. एका सहकाऱ्याने ‘फायरफ्लाय’ ही २००२ची अमेरिकन मालिका दाखवली. अवघे १४ भाग. तिच्यातला कॅप्टन माल्कम रेनॉल्ड्स हा युद्धात हरलेल्या बाजूचा सैनिक. त्या बाजूच्या लोकांना ‘ब्राउनकोट’ म्हणत. युद्ध संपून वर्षं लोटली, तरी तो आपला तपकिरी लांब कोट घालून राजरोस फिरतो. आपण कुठले, हे लपवत नाही. ते बघताना मला शटलमधले बाबा आठवले.

गेल्या वर्षी तसाच कोट शिवून घ्यायला मी बाबांना घेऊन धारावीत गेले. तिथे चामडं मीटरवर नाही, चौरस फुटांवर मोजतात. बाबा कारागिराशेजारी बसले ते उठेचनात. चामड्याला टाचण्या लावत नाहीत, चिमटे लावतात. सुईचं भोक कापडासारखं बुजत नाही. टाकेही लांब घालायचे. फार जवळ घातले तर पोस्टाच्या तिकिटासारखं त्या रेषेवर फाटतं.

“रेक्झिनचंही तसंच,” बाबा कारागिराला म्हणाले. “हिचा कोट शिवला तेव्हा एकदाही उसवायची सोय नव्हती.”

डहाणू लोकलमध्ये मी इतक्या वर्षांनी त्यांची माफी मागितली. ते खिडकीबाहेर बघत म्हणाले, “ते जाऊ दे. खांद्यात नीट बसला होता ना?”

बसला होता, बाबा. अगदी नीट बसला होता.

तर मित्रांनो, तो कोट मुंबईहून आला नव्हता. मामाने आणला नव्हता. तो माझ्या बाबांनी शिवला होता आणि ते आज तिसऱ्या रांगेत बसले आहेत. त्यांना जरूर भेटा.

दोन्ही कोट मी आणलेत, मागच्या टेबलावर आहेत. घालून फोटो काढा. मात्र आपल्या पालघरच्या उकाड्यात पाच मिनिटांच्या वर कोणी कॅप्टन राहू नये. आणि फोटोसाठी आधी काळा उचला. त्याची कॉलर अजून ताठ आहे.