गर्भाची तटबंदी

मातेचें उदर म्हणजे अभेद्य किल्ला. आंत वाढणाऱ्या जीवास बाहेरच्या जगाची झळ लागत नाहीं, अशी समजूत पुष्कळ काळ प्रचलित होती. थॅलिडोमाइड नांवाच्या झोपेच्या औषधामुळें हजारों बालकें हातापायांनीं अधू जन्मास आलीं, हें १९६१ सालीं उघडकीस आलें आणि ती समजूत पार ढासळली. मातेच्या रक्तांतील पुष्कळ द्रव्यें वार ओलांडून गर्भापर्यंत पोंचतात. मग या किल्ल्यास तटबंदी घालण्याचें कांहीं साधन आहे काय?

अमेरिकेंतील ड्यूक विद्यापीठांत डॅना डोलिनॉय, रँडी जर्टल व त्यांचे सहकारी यांनीं २००७ सालीं या दृष्टीनें एक उद्बोधक प्रयोग प्रसिद्ध केला. उंदरांच्या एका जातींत एकाच विणीचीं कांहीं पिलें पिवळीं, तर कांहीं तपकिरी निपजतात. आनुवंशिक गुण सर्वांचा सारखाच. परंतु त्यावर मेथिल नामक रासायनिक मोहोरा कमी पडल्या, कीं पिलूं पिवळें होतें आणि पुढें लठ्ठ बनतें. टणक प्लास्टिकसाठीं वापरलें जाणारें बिस्फेनॉल-ए हें द्रव्य माद्यांच्या खाण्यांत मिसळलें, तेव्हां पिवळ्या पिलांचें प्रमाण वाढलें. त्याच खाण्यांत फॉलिक ॲसिड, बी-१२ जीवनसत्त्व, कोलीन व बीटेन घातल्यावर तें पुन्हां खालीं आलें. या मोहोरांची सामग्री शरीरास पुरविणें, हें या पदार्थांचें एक कार्यच होय.

परंतु उंदरांवरील निष्कर्ष माणसास जसाच्या तसा लावतां येत नाहीं. माणसाच्या बाबतींत भक्कम पुरावा आहे तो फॉलिक ॲसिडच्या उणिवेविषयीं. आणि त्या कथेचें एक महत्त्वाचें पान मुंबईंत लिहिलें गेलें. डॉ. लूसी विल्स या इंग्रज विदुषी १९२८ सालीं मुंबईस आल्या. गर्भवती गिरणी-कामगार स्त्रियांना होणारा एक प्रकारचा पंडुरोग यीस्टच्या अर्कानें बरा होतो, हें त्यांनीं १९३१ सालीं प्रसिद्ध केलें. त्या अर्कांतील गुणकारी द्रव्य म्हणजेच फॉलिक ॲसिडच्या जातीचें जीवनसत्त्व, हें पुढें निश्चित झालें. १९४१ सालीं तें पालकाच्या पानांतून वेगळें काढण्यांत आलें व लॅटिन भाषेंतील ‘पान’ या शब्दावरून त्याचें नामकरण झालें.

पुढें १९९१ सालीं ब्रिटिश वैद्यकीय संशोधन मंडळाच्या चांचणीचा निकाल आला. मेंदूचा किंवा पाठीच्या कण्याचा भाग उघडा राहिलेलें मूल ज्यांना पूर्वी झालें होतें, अशा सात देशांतील स्त्रिया तींत होत्या. ज्या ११९५ गर्भधारणांचा निकाल हातीं आला, त्यांपैकीं २७ मध्यें तेंच व्यंग पुन्हां आढळलें. त्यांतील २१ मातांना फॉलिक ॲसिड मिळालेलें नव्हतें. मिळालेल्या केवळ ६ होत्या.

येथें काळाचें महत्त्व ध्यानीं घ्यावयास हवें. मज्जारज्जूची नलिका गर्भधारणेनंतर अवघ्या २८ दिवसांत मिटते. तोंवर दिवस गेल्याची वार्ता पुष्कळदां मातेलाहि नसते! तहान लागल्यावर विहीर खणण्याचा प्रकार येथें उपयोगी नाहीं. म्हणून जागतिक आरोग्य संघटना अपत्याची इच्छा धरल्यापासून बाराव्या आठवड्यापर्यंत रोज ४०० मायक्रोग्रॅम फॉलिक ॲसिड घेण्यास सांगते. पूर्वी असें मूल झालेल्या स्त्रीस अधिक मात्रा लागते. ती डॉक्टरांनींच ठरवावी.

तथापि या कवचासहि मर्यादा आहेत. अपस्मारावरील व्हॅलप्रोएट या औषधानें गर्भास होणारा धोका फॉलिक ॲसिडनें खात्रीनें टळत नाहीं; तें औषध मात्र परस्पर बंद करूं नये, अपत्याचा विचार होतांच डॉक्टरांशीं बोलावें. मद्याचा दुष्परिणामहि एखाद्या गोळीनें धुऊन निघत नाहीं. उलट ‘ए’ जीवनसत्त्वाचा अतिरेक स्वतःच गर्भास घातक ठरतो. जीवनसत्त्व हें विषावरचा मंत्र नव्हे; तें वेळेवर केलेली घरची बेगमी आहे. ती बेगमी पाहुणा दारीं येण्यापूर्वीच झाली पाहिजे.