पहिली-दुसरीच्या वर्गातील मराठी मूल
(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी संमेलनात वाराणसी येथे केलेले भाषण)



सुवर्णमहोत्सवाच्या या मंगल प्रसंगी मंडळाने आम्हांस बोलावयास सांगितले, याबद्दल आम्ही मंडळाचे ऋणी आहोत. अशा प्रसंगी काशी आणि महाराष्ट्र यांच्या पुरातन संबंधांचा गौरव करण्याची प्रथा आहे आणि ती योग्यच आहे. नाथांनी आपले भागवत याच नगरीत पूर्ण केले, अहिल्यादेवींनी १७८० साली विश्वनाथाचे मंदिर पुन्हा उभारले, ब्रह्माघाट-दुर्गाघाटाच्या गल्ल्यांतून मराठी कुटुंबे पिढ्यान्‌पिढ्या नांदली, हे सारे आपणांस ठाऊक आहे. आज आम्ही त्याहून पुष्कळच लहान विषय मांडणार आहोत. पहिली-दुसरीच्या वर्गात बसलेले मराठी मूल काय शिकते, कसे शिकते आणि त्या कामी आपण मोठी माणसे कोठे उणे पडतो, एवढाच तो विषय आहे. हे वर्ग शिकविण्यात आमची उमेदीची वर्षे गेली, म्हणून हे धाडस.

प्रथम आमच्याच हातून घडलेली एक चूक सांगतो. एके वर्षी दुसरीच्या वर्गात आम्ही फळ्यावर ८९ हा आकडा लिहिला आणि तो वाचावयास सांगितले. एका मराठी मुलीने उभे राहून मोठ्या उत्साहाने सांगितले, "उननब्बे." सारा वर्ग हसला. आम्हीही हसलो आणि चूक झाली असे सांगून तिला खाली बसविले. त्यानंतर कित्येक दिवस त्या मुलीने आपण होऊन हात वर केला नाही. पुढे तिची आई भेटली, तेव्हा समजले की मुलगी रोज सायंकाळी आजीजवळ बसून मराठी आकडे म्हणते. मग तिच्या उत्तरामागचे कारण आमच्या ध्यानी आले.

एकोणतीस म्हणजे तिसाला एक उणा. हिंदीतही तेच: उनतीस. एकोणसाठ म्हणजे उनसठ, एकोणऐंशी म्हणजे उन्यासी. येथवर दोन्ही भाषा हातात हात घालून चालतात. एकोणनव्वदला मात्र त्यांची फारकत होते. मराठी तेथेही 'एक उणा' म्हणते. हिंदी तो नियम सोडून 'नवासी', म्हणजे ऐंशी आणि नऊ, असे म्हणते. पुढे नव्व्याण्णवला मराठीनेही तो नियम सोडलेला आहेच. त्या मुलीला 'नवासी' हा शब्द आठवला नाही, म्हणून तिने आजीकडून मिळालेला नियम लावून एक शब्द स्वतः घडविला. सात वर्षांच्या मुलीने दोन भाषांची तुलना करून काढलेला तो निष्कर्ष होता. जिला शाबासकी द्यावयाची, तिला आम्ही खाली बसविले. आपल्या मुलांच्या अडचणी आपण किती वरवर पाहतो, याचे हे उदाहरण आम्हांस अजून बोचते.

हिंदी आणि मराठी यांची लिपी एकच असल्यामुळे आपल्या मुलांना काहीच अडचण नाही, असा आपला समज असतो. वस्तुतः लिपी एक असल्यानेच पुष्कळ अडचणी दृष्टीआड राहतात. 'ळ' हे अक्षर त्यांच्या शालेय हिंदी पुस्तकात कोठेच भेटत नाही. म्हणून मूल 'फळ' आणि 'बाळ' बोलते खरे, पण लिहिताना 'फल' आणि 'बाल' लिहिते. 'चंद्र' आणि 'चूल' यांतील 'च' निरनिराळा, हे त्याला कानाने कळते, पण पुस्तक त्याला एकच 'च' शिकविते. घरी 'ते पुस्तक' असते, शाळेत 'मेरी पुस्तक' होते, कारण हिंदीत नपुंसकलिंग नाही. घरी 'खाली बस' म्हटले की जमिनीवर बसावयाचे, आणि शाळेत 'जगह खाली है' म्हटले की जागा रिकामी आहे असे समजावयाचे. महाराष्ट्रातून नव्याने आलेल्या मुलांना तर 'शिक्षा' हा शब्द वाचूनच भय वाटते. मुलांना शिक्षा देण्यासाठी एवढी मोठी इमारत कशाला बांधली, असे एका मुलाने आम्हांस विचारले होते.

आकड्यांच्या नावांचा हा प्रश्न केवळ परप्रांतातील मुलांचा नाही. २०१९ साली महाराष्ट्रात बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात एकवीस या नावाबरोबर 'वीस एक', त्र्याण्णव या नावाबरोबर 'नव्वद तीन' अशी वाचनाची रीत दिली गेली. त्यावरून वर्तमानपत्रांत आणि विधिमंडळातही मोठा वाद झाला. दक्षिणेकडील भाषांत आणि इंग्रजीत दशक आधी आणि एकक मागून उच्चारतात, त्यामुळे लिहिण्याचा आणि बोलण्याचा क्रम जुळतो आणि मुलाला स्थानिक किंमत लवकर समजते, असा त्यामागील विचार होता. त्या विषयसमितीच्या अध्यक्षा होत्या कैलासवासी डॉ. मंगला नारळीकर. त्यांचा मार्ग कोणास पटो वा न पटो, दुसरीतले मूल कोठे अडखळते हे थोर गणितज्ञ विदुषीने खाली वाकून पाहिले, ही गोष्ट आम्हांस फार मोलाची वाटते.

नारळीकर हे नाव आले की काशीकर मराठी माणसाची मान ताठ होते. प्राध्यापक विष्णु वासुदेव नारळीकर हे काशी हिंदू विश्वविद्यालयात गणिताचे विभागप्रमुख होते. त्यांचे चिरंजीव जयंतराव विश्वविद्यालयाच्या परिसरातच वाढले, येथील सेंट्रल हिंदू स्कूलमध्ये शिकले आणि १९५७ साली येथूनच पदवीधर होऊन केंब्रिजला गेले. भोवतालचे वातावरण हिंदीचे होते. तरीही पुढे त्यांनी मराठीत विज्ञानकथा लिहिल्या, आणि 'चार नगरांतले माझे विश्व' या त्यांच्या मराठी आत्मचरित्राला २०१४ सालचा साहित्य अकादमी पुरस्कार लाभला. त्या चार नगरांतले पहिले नगर ही आपली वाराणसी. २०२५ च्या मे महिन्यात ते निवर्तले.

त्यांच्या बालपणीची एक गोष्ट प्रसिद्ध आहे. त्यांच्या घरात मुलांसाठी भिंतीवर फळे लावलेले होते. घरी राहावयास आलेले त्यांचे मोरूमामा, म्हणजे मोरेश्वर हुजूरबाजार, त्यांतील एका फळ्यावर भाच्यासाठी आव्हान म्हणून गणित लिहून ठेवीत. ते सुटेपर्यंत किंवा हार मान्य होईपर्यंत पुसले जात नसे. मामांनी गणित समोर ठेवले आणि वेळ दिला, धाक घातला नाही. आपल्यापैकी प्रत्येकाच्या घरी गणितज्ञ मामा असणार नाहीत, हे उघड आहे. परंतु भिंतीवरचा एक फळा आणि मुलाची वाट पाहण्याचा धीर, या दोन गोष्टी कोणत्याही घराला परवडण्याजोग्या आहेत.

आता मंडळाच्या रविवारच्या मराठी वर्गाविषयी स्पष्ट बोलावयास हवे. तो वर्ग आम्हीच चालविला, म्हणून दोषही आमचाच. अनेक वर्षे आम्ही मुलांकडून शुद्धलेखनाची पाने लिहून घेतली आणि गणेशोत्सवासाठी नाटुकल्यातील वाक्ये पाठ करून घेतली. उत्सवात टाळ्या पडत. उत्सव संपला की मुले आपसांत पुन्हा हिंदीत बोलू लागत, आणि पाठ केलेल्या वाक्याचा अर्थ विचारला तर पुष्कळांना सांगता येत नसे. सहा दिवस शाळेत बसलेल्या मुलासाठी आम्ही सातव्या दिवशी आणखी एक शाळा उघडली होती. मुले कमी होत गेली, यात नवल ते कोणते?

या बाबतीत ताराबाई मोडकांचे काम आम्हांस वाट दाखविणारे वाटले. गिजुभाई बधेका यांच्यासमवेत १९२६ साली नूतन बाल शिक्षण संघ स्थापन करणाऱ्या ताराबाईंनी १९४५ मध्ये बोर्डीला ग्रामीण बालशिक्षणाचे काम आरंभिले. अनुताई वाघ त्यांच्या सहकारी होत्या. मुले बालवाडीत येत नाहीत असे दिसताच त्यांनी बालवाडीच मुलांच्या अंगणात नेली. 'अंगणवाडी' हा आज देशभर रूढ झालेला शब्द त्या कामातून आला. पुढे कोसबाडला गुरे राखणाऱ्या मुलांसाठी कुरणातच शाळा भरविली. महागड्या साधनांच्या जागी बिया, पाने, शंख-शिंपले वापरले. मूल जेथे आहे आणि त्याच्या हाताशी जे आहे, तेथून आरंभ करावयाचा, हे त्यांचे सूत्र होते.

त्या सूत्राने आम्ही आमचा वर्ग बदलला. काड्यांचे दहा-दहांचे गठ्ठे बांधले. आठ गठ्ठे आणि नऊ सुट्या काड्या समोर ठेवल्या, म्हणजे आजी त्याला एकोणनव्वद म्हणते आणि शाळेतील बहनजी नवासी म्हणतात, हे मुले आनंदाने स्वीकारतात. कारण समोरचा ढीग एकच असतो. काशीच्या घाटांची संख्या चौऱ्याऐंशी सांगतात, ती येथील प्रत्येक मुलाला ठाऊक असते. म्हणून तोच आकडा आम्ही काड्यांनी मांडतो आणि घाटांची नावे मराठीतून म्हणवून घेतो. खोजवां-कश्मीरीगंज भागात कातून रंगविलेली लाकडी खेळणी होतात. त्यांतील छोटी भातुकली मांडून बोलण्याचा खेळ होतो. 'ळ'साठी मुले घरातून 'ळ' असलेल्या वस्तू आणतात: नारळ, तांदूळ, डाळ, टाळ, माळ. ज्या दिवशी हा खेळ प्रथम झाला, त्या दिवशी एक मुलगा आपल्या धाकट्या भावाचा हात धरून आला आणि म्हणाला, "मी बाळ आणलंय." त्या एका वाक्यात आमच्या पूर्वीच्या अनेक पानांहून अधिक शिक्षण होते.

शासनाकडून काही अपेक्षा करावी काय, असे आपण विचाराल. भाषिक अल्पसंख्य मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून मिळण्याची सोय करण्याचा राज्यांनी प्रयत्न करावा, असे संविधानाच्या ३५०-क या अनुच्छेदात १९५६ पासून लिहिलेले आहे. २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणानेही शक्य तेथे किमान पाचवीपर्यंत घरची भाषा हे माध्यम असावे, असे म्हटले आहे. तथापि एकेका शाळेत दोन-चार मराठी मुले असतील, तर त्यांच्यासाठी स्वतंत्र वर्ग निघणे व्यवहारात कठीण. म्हणून हे काम शेवटी घराचे आणि मंडळाचेच आहे.

हिंदीशी आमचे भांडण नाही, हेही निक्षून सांगतो. याच नगरीतील मराठी कुटुंबात १८८३ साली जन्मलेल्या बाबूराव विष्णु पराडकरांनी 'आज' या दैनिकाच्या द्वारे हिंदी पत्रकारितेची अमोल सेवा केली. आपल्या मुलांनीही उत्तम हिंदी लिहावे, बोलावे. आमचे म्हणणे इतकेच की, घरातून आलेली भाषा हा मुलाचा दोष न मानता त्याचे भांडवल मानावे.

म्हणून या व्यासपीठावरून पालकांना तीन विनंत्या करतो. घरी मुलाने हिंदीत उत्तर दिले, तरी आपण मराठीतच बोलत राहावे. रागावू नये आणि सोडूनही देऊ नये. मुलाने चुकीचा शब्द उच्चारला तर हसण्यापूर्वी त्याने तो कसा घडविला, हे त्याला विचारावे. आणि ज्यांच्या घरी आजी-आजोबा आहेत, त्यांनी त्यांना रविवारी वर्गास पाठवावे. आम्हांस शिक्षकांपेक्षा गोष्ट सांगणाऱ्यांची अधिक गरज आहे.

ती 'उननब्बे' म्हणणारी मुलगी आज स्वतः आई आहे. गेल्या वर्षी ती आपल्या मुलाला घेऊन आमच्या वर्गात आली. तिला तो प्रसंग आठवत नव्हता. आम्हांस आठवत होता. तिच्या मुलासमोर आम्ही आठ गठ्ठे आणि नऊ काड्या मांडल्या, आणि या वेळी उत्तर ऐकण्यासाठी थांबलो.