'अल्पशोधित' या विशेषणाविषयी



ज्या गुरुजींच्या स्मृत्यर्थ ही व्याख्यानमाला चालते, त्यांच्या नावाने निंबोल्यात दोन शब्द बोलण्याचा मान आपण मला दिलात, याबद्दल मी ऋणी आहे. मराठीच्या प्राध्यापकाने युरेनियमवर का बोलावे, हा प्रश्न काही चेहऱ्यांवर मला दिसतो आहे. खनिजाच्या शोधात यंत्र पुढे येण्याआधी एक विशेषण येते, म्हणून बोलावे. पश्चिम आफ्रिकेतील वाळवंटी खोऱ्यांविषयीच्या लेखनात 'अल्पशोधित' हे विशेषण वारंवार भेटते. जन्मभर शब्दांचाच व्यवहार केल्यामुळे मला ते खटकते. शोध अल्प झाला, तो कोणाच्या लेखी?

नायजर देशातील अझेलिकचे उदाहरण घ्या. १९५७ साली फ्रेंच भूशास्त्रज्ञ तेथे तांबे शोधीत होते. हाती लागले युरेनियम. परंतु तेथे तांबे आहे ही वार्ता सहाशे वर्षांची जुनी होती. इब्न बतूता १३५३ मध्ये तकद्दा नावाच्या नगरात उतरला होता, आणि ते नगर म्हणजेच अझेलिक, असे अनेक अभ्यासक मानतात. (हाच प्रवासी त्यापूर्वी दौलताबादेहून नंदुरबारकडे, म्हणजे आपल्या खानदेशातून गेला होता, आणि मराठ्यांविषयीही त्याने लिहून ठेवले आहे.) तकद्द्याची घरे तांबड्या दगडाची, असे तो सांगतो. तेथे घरोघरी गुलामांकडून तांबे गाळून घेत. त्याच्या बारीक कांबी देऊन मांस व सरपण मिळे. जाड कांबी देऊन धान्य, तूप, आणि माणसेसुद्धा. तेथले पाणी तांब्याच्या खाणींवरून येते, म्हणून त्याचा रंग व चव पालटलेली असते, हेही त्याने टिपले आहे. अशा भूमीला अल्पशोधित म्हणावयाचे!

तथापि भूशास्त्रज्ञांवर अन्याय करू नये. त्यांच्या म्हणण्यालाही अर्थ आहे. युरेनियमचा माग विमानातून गॅमा किरण मोजून काढतात. हे किरण अर्धाएक मीटर मातीच्या थरानेही अडतात. मग वाळूच्या जाड आवरणाखाली काय दडले आहे, ते विमानाला कसे कळावे? तेथे भोके पाडावी लागतात, त्यांत उपकरण सोडावे लागते, आणि त्याला पैसा लागतो. आपल्या दख्खनच्या काळ्या कातळाची गोष्ट वेगळी नाही. त्या कातळात स्वतःचे युरेनियम नगण्य; पण त्याच्या खाली झाकलेले जुने वालुकाश्म विमानाला दिसत नाहीत.

वालुकाश्मात युरेनियम साठते ते पाण्यामुळे. प्राणवायूयुक्त पाण्यात ते विरघळते, खडकाच्या छिद्रांतून वाहत जाते, आणि कुजलेल्या लाकडाचा कोळसा किंवा गंधकयुक्त लोहखनिज भेटले की तेथेच बसते. भूमिगत पाणी ओळखणे म्हणजे काय, हे बुऱ्हाणपूरकरांना शिकवावे लागत नाही. सातपुड्यातून तापीकडे झिरपणारे पाणी कुंडी भंडाऱ्याने १६१५ च्या सुमारास अडविले, ते अशाच पारखीने.

आणि खरी अडचण याच पाण्यात आहे. अर्लित येथील खनिज तारात नावाच्या वालुकाश्मात आहे, आणि तेथल्या माणसांचे पिण्याचे पाणीही त्याच वालुकाश्मात आहे. पाऊस तेथे इतका थोडा की उपसलेले भरून येत नाही. शेजारच्या अकुता खाणीतून १९७८ ते २०२१ या काळात सुमारे ७५,००० टन युरेनियम निघाले आणि खाण बंद झाली. युरेनियम काढून घेतल्यावरही खनिजातील बहुतांश किरणोत्सार मागे उरलेल्या गाळात राहतो. त्यातील थोरियम-२३० चे अर्धायुष्यच सुमारे ७५,००० वर्षांचे. जून २०२५ मध्ये नायजर सरकारने अर्लितची कंपनी राष्ट्रीयीकृत केली. मालक बदलला, गाळ मात्र आहे तेथेच आहे.

हे सारे दूरचे, असे समजू नका. २००७ साली मुंबईच्या टॉरियन रिसोर्सेस या कंपनीने अर्लित भागातच शोधाचे हक्क घेतले होते. आणि आपल्याच सातपुड्यात, बैतूल जिल्ह्यातील धरंगमऊ-कछार परिसरात, गोंडवन काळातील मोतूर खडकांत अणुखनिज संचालनालयाने युरेनियमचा माग काढलेला आहे. तोही वालुकाश्मच. वीज आपल्याला हवी आहे, अणुभट्ट्यांना इंधन लागते, तेव्हा शोधच नको, असे मी म्हणणार नाही. पण पाहणीच्या नकाशावर जे रिकामे दिसते, तेथे कोरकूंची गावे आहेत, गुरांच्या वाटा आहेत, उन्हाळ्यात न आटणारे झरे आहेत, आणि त्या प्रत्येकाला नाव आहे.

म्हणून चालकांना एक विनंती करतो. यंदा नववी-दहावीच्या मुलांना सुटीत पाठवून आपल्या जिल्ह्यातील झऱ्यांची, नाल्यांची आणि मातीच्या जातींची कोरकू, निमाडी व मराठी नावे लिहून घ्यावीत. कोणते पाणी केव्हा आटते, कोणत्या झऱ्याची चव कशी, हेही विचारावे. म्हातारी माणसे अजून आहेत. वही शाळेच्या कपाटात राहू द्या, आणि तिची एक प्रत पंचायतीत.