साचा आणि मजकूर



ग्रंथालयाच्या तालिकापत्राशी आपला परिचय जुना आहे. लेखक, शीर्षक, प्रकाशनवर्ष यांच्या जागा त्यावर ठरलेल्या असतात. ग्रंथ बदलतो, पत्राची आखणी बदलत नाही. संगणकावरील पानांसाठी वापरला जाणारा 'साचा' याच जातीचा आहे.

महाजालावरील पानात मजकुराबरोबर खुणाही गुंफाव्या लागतात. शीर्षक कोणते, रकाना कोठे, हे त्या खुणा यंत्रास सांगतात. या खुणांच्या भाषेला एचटीएमएल म्हणतात. प्रत्येक पानासाठी त्या हाताने लिहिणे कष्टाचे असते. साच्यात त्या एकदाच लिहिल्या जातात आणि बदलत्या मजकुरासाठी जागा मोकळ्या ठेवल्या जातात.

२००३ साली सुरू झालेल्या मराठी विकिपीडियात या सोयीचे नावच 'साचा' आहे. इंदूरजवळच्या हातोदचे उदाहरण घेऊ. लेखकाने दुहेरी महिरपी कंसांत साच्याचे नाव देऊन पुढे 'जिल्हा = इंदूर', 'राज्य = मध्य प्रदेश' एवढेच लिहावे; चौकटीच्या व रकान्यांच्या खुणा यंत्र स्वतः निर्माण करते. एखादी माहिती दिली नसेल तर तो रकाना वगळावा, असा निर्णयही साच्यात घालता येतो. २०१३ पासून अशा कामासाठी ब्राझीलमध्ये जन्मलेली 'लुआ' ही संगणकभाषाही तेथे वापरात आली.

मोजक्या हातांनी चालणाऱ्या कार्यास हे मोठेच साहाय्य होय. मात्र साच्यातील एक चूक त्यावर आधारलेल्या सर्व पानांत उमटते. ती सुधारली, की सर्व पाने सुधारतात. म्हणून साचा लिहिणाऱ्याची जबाबदारी मोठी.

खरा धोका मात्र निराळा आहे. साच्याच्या बळावर शेकडो गावांची पाने अल्पावधीत उभी राहू शकतात. ती नेटकी दिसतात, पण वाचून गाव कळत नाही. हातोद हे तहसिलीचे ठिकाण आहे, एवढे साचा व्यवस्थित मांडील. तेथे बाजार कोणत्या वारी भरतो, गावातील जुने देऊळ कोणी बांधले, हे साच्यास कोठून ठाऊक असणार? ते गावी जाऊन विचारणाऱ्याने आणि जुने कागद उलगडणाऱ्यानेच साधार लिहिले पाहिजे.

तालिकापत्र कितीही सुबक असले, तरी कपाटात ग्रंथ असावाच लागतो. शंभर वर्षे ग्रंथ जपणाऱ्या संस्थेच्या सभासदांना हे वेगळे सांगावयास नको. त्यांच्यापैकी एकाने जरी आपल्या गावाचा एक मोकळा रकाना पुराव्यानिशी भरला, तरी साच्याचे सार्थक होईल.