मुलांच्या करिअरची तयारी आणि घरातली ट्रंक

मुलगी बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला आहे, तिच्या विषयातलं आपल्याला काही कळत नाही, मग मदत ती काय करणार, असं अनेक पालक म्हणतात. मदत करता येते, आणि ती आजच सुरू करता येते.

घरातली जुनी ट्रंक उघडा आणि कागदपत्रं शोधा. आरक्षणाचा लाभ घ्यायचा असेल तर जात पडताळणीसाठी वडिलांचा, आजोबांचा शाळा सोडल्याचा दाखला लागतो. तो गावच्या शाळेतून मिळवायला कधी महिने जातात. नावातल्या एका अक्षराचा फरकही अडचणीचा ठरतो. ही धावपळ मुलांनी परीक्षेच्या तोंडावर का करावी? हे काम पालकांचंच. अधिवासाचा दाखला, लागू असेल तर नॉन-क्रिमिलेअर, हेही वेळेत काढून ठेवा आणि नॉन-क्रिमिलेअरची मुदत तपासत राहा.

दुसरी मदत ओळखींची. तुमच्या नात्यात कुणी बँकेत असेल, कुणी कारखान्यात. 'नोकरी लावा' म्हणू नका. 'एक दिवस मुलांना तुमचं काम बघू द्या' एवढंच म्हणा.

तिसरी मदत माहितीची. सरकारचं 'स्वयम्' हे संकेतस्थळ विनामूल्य अभ्यासक्रम देतं, शुल्क पडतं ते प्रमाणपत्राच्या परीक्षेचं. शिकाऊ उमेदवारीचा कायदा तर 1961 पासून आहे. त्याखाली काम शिकताना विद्यावेतनही मिळतं.

आणि स्पर्धा परीक्षा द्यायची ठरली, तर किती प्रयत्न आणि नंतर काय, हे आधीच शांतपणे बोला. आज रात्री जेवताना एवढा विषय नक्की काढा.